ग्रामीण जीपी प्रॅक्टिसमध्ये पॅरामेडिक: नेमकं कोणतं काम द्यायचं, कोणतं नाही?

डेल्सवाला_जीपी

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या नॉर्थ यॉर्कशायरच्या एका खेड्यातल्या जीपी (फॅमिली डॉक्टर) प्रॅक्टिसमध्ये मी पार्टनर (भागीदार डॉक्टर) आहे. यादीवर साधारण ७,००० रुग्ण, एक मुख्य दवाखाना, एक छोटी शाखा आणि स्वतःची डिस्पेन्सरी. मोठं हॉस्पिटल गाठायला पाऊण ते एक तास लागतो. आमचं प्रायमरी केअर नेटवर्क (आसपासच्या प्रॅक्टिसचा गट) सरकारी पैशांच्या अतिरिक्त पदांच्या योजनेतून एक पॅरामेडिक (ॲम्ब्युलन्सवर काम केलेला, डॉक्टर नसलेला प्रशिक्षित कर्मचारी) घेतंय आणि आठवड्याचे तीन दिवस आमच्या वाट्याला येणार आहेत.

पार्टनरांत दोन तट आहेत. एका बाजूचं म्हणणं, सगळ्या होम व्हिजिट त्यांच्याकडे सोपवू, म्हणजे डॉक्टरांची दुपार मोकळी होईल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, वाचेल तेवढाच वेळ देखरेखीत जाईल आणि शेवटी सही आपलीच. तुमच्यापैकी जे ग्रामीण भागात पॅरामेडिकबरोबर काम करतात (आणि जे स्वतः पॅरामेडिक आहेत) त्यांच्याकडून कळेल का, की कोणतं काम द्यावं, देखरेखीची घडी कशी बसवावी, प्रिस्क्रिप्शनचं काय करावं आणि हे सगळं बहुतेकदा कुठे फसतं?

कंब्रिया_ट्रेनर

डॉक्टर, तुमचे दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत. कुठला अर्धा खरा ठरेल, ते रोटा कसा लावता त्यावर आहे.

योजनेतून येणाऱ्या पॅरामेडिकने नवशिकेपणाची दोन वर्षं आणि त्यानंतर बँड ६ या पगारश्रेणीवरची तीन वर्षं पूर्ण केलेली असावी लागतात. म्हणजे किमान पाच वर्षं रस्त्यावरचं काम. समोरचा माणूस खरंच आजारी आहे की नाही, हे ओळखण्यात अशी व्यक्ती तुमच्या नव्या रजिस्ट्रारपेक्षा (प्रशिक्षणार्थी डॉक्टरपेक्षा) बहुधा पुढेच असते. अडचण वेगळीच आहे. ॲम्ब्युलन्सचा प्रत्येक कॉल तासा-दोन तासांत संपतो: हॉस्पिटलला न्यायचं, दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं किंवा घरीच ठेवायचं. जीपीकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारींना पहिल्या भेटीत नावच देता येत नाही. दोन आठवडे थांबून पाहायचं, रक्ताचा रिपोर्ट कोण बघणार ते ठरवायचं, तीन महिन्यांपूर्वीच्या पत्रातली एक ओळ आठवायची, ही सवय रस्त्यावर लागत नाही. ती इथेच शिकवावी लागते आणि तिला वर्षभर तरी लागतं.

म्हणून त्याच दिवशीच्या तातडीच्या तक्रारी आणि निवडक होम व्हिजिट द्या. ताप, खोकला, श्वास लागणं, पडणं, जखमा, पोटदुखी, चक्कर, सेल्युलायटिस यांत त्यांचा हात बसलेला असतो. सुरुवातीला प्रत्येक रुग्णाला २० मिनिटं ठेवा, मग १५ वर या. पहिल्या दिवसापासून १० मिनिटांचा क्लिनिक लावलात की तपासणी ठीक होते पण नोंद अर्धवट राहते, आणि तिसऱ्या दिवशी तोच रुग्ण तुमच्यासमोर येऊन बसतो.

काय द्यायचं नाही, ते रिसेप्शनच्या भिंतीवर लागेल इतकं स्पष्ट लिहा. आमच्याकडे एक वर्षाखालची मुलं, गरोदरपणाशी संबंधित तक्रारी, गुंतागुंतीचे मानसिक आजार, दहा-दहा गोळ्या चालू असलेल्यांचा औषध-आढावा आणि 'सतत थकवा येतो' ही तक्रार थेट डॉक्टरकडे जाते. एकाच तक्रारीसाठी निदान न होता तिसऱ्यांदा आलेला रुग्णही डॉक्टरकडेच जावा. सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये आलेला 'जेसचा नियम' तिसऱ्या भेटीला नव्याने विचार करायलाच सांगतो. पण पहिल्या दोन भेटी पॅरामेडिककडे आणि तिसरी लोकमकडे (बदली डॉक्टरकडे) झाली, तर ही तिसरी भेट आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच रिसेप्शनने मागच्या भेटी मोजाव्यात.

आता देखरेख. 'काही वाटलं तर दार ठोठाव' ही देखरेख नव्हे. रोटावर त्या सत्राच्या डॉक्टरचं नाव हवं आणि त्या डॉक्टरच्या यादीतले दोन-तीन स्लॉट रिकामे हवेत. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक रुग्ण घरी जाण्याआधी बोलणं, पुढे सत्राच्या मध्ये १५ आणि शेवटी ३० मिनिटं, आणि नंतर फक्त अडलेल्या केसेस. सांगण्याचा क्रम ठरवून घ्या: वय, तक्रार, तपासणीतले आकडे, मनात आलेली तीन निदानं, त्यांपैकी सगळ्यांत वाईट कोणतं आणि ते का नाही, पुढे काय, आणि बिघडलं तर रुग्णाने काय करायचं. 'सगळ्यांत वाईट कोणतं' हा प्रश्न रोज विचारा. चर्चेची नोंद डॉक्टरने स्वतः करावी, आणि रुग्णाला प्रत्यक्ष पाहिलं की फक्त ऐकलं, हे त्यात लिहावं.

फेन्स_लिंकनशायर

मी विरोधी तटातला. विरोध पॅरामेडिकांना नाही, ज्या पद्धतीने त्यांना आणलं जातं तिला आहे.

पहिलं कारण कामाच्या वाटणीचं. साधा खोकला, कानदुखी, गुडघ्याचं खरचटणं हे सगळं बाजूला गेलं की डॉक्टरच्या यादीत उरतात फक्त अवघड रुग्ण. पूर्वी सकाळच्या सत्रात चार-पाच सोप्या भेटी वेळ भरून काढायच्या. आता प्रत्येक रुग्णाला २० मिनिटं लागतात आणि स्लॉट मात्र १० मिनिटांचेच राहतात. पॅरामेडिक घेणार असाल तर डॉक्टरांचे स्लॉट त्याच दिवशी १५ मिनिटांचे करा. हे कुणी करत नाही, आणि मग सगळे म्हणतात की मदत येऊनही दमछाक वाढली.

दुसरं सहीचं. प्रिस्क्राइब न करू शकणारा पॅरामेडिक दिवसाला पंधरा रुग्ण बघत असेल आणि त्यांतल्या निम्म्यांना औषध लागत असेल, तर सात-आठ वेळा कुणीतरी दुसऱ्याने तपासलेल्या रुग्णाच्या प्रिस्क्रिप्शनवर तुम्ही सही करता. जनरल मेडिकल काउन्सिलच्या लेखी ज्याची सही त्याची जबाबदारी. नायट्रोफ्युरँटॉइनची मागणी आली तर मूत्रपिंडाचं काम तुम्हीच बघायचं, क्लॅरिथ्रोमायसिन आलं तर स्टॅटिन चालू आहे का तेही तुम्हीच.

तिसरं, पर्याय. ऑक्टोबर २०२४ पासून याच योजनेतून इंग्लंडमध्ये नव्याने पात्र झालेले जीपीही घेता येतात. त्यामुळे 'पॅरामेडिक किंवा कुणीच नाही' अशी निवड आता उरलेली नाही. खेड्यात जीपी येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण जाहिरात देऊन तर बघा.

एका गोष्टीत मात्र गल्लत नको. फिजिशियन असोसिएटवरून (डॉक्टर नसताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणाऱ्यांवरून) चाललेला वाद पॅरामेडिकांच्या अंगाला लावू नका. असोसिएटची नोंदणी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. पॅरामेडिक हा कितीतरी वर्षांपासून कायद्याने राखीव असलेला हुद्दा आहे, त्यांची एचसीपीसीकडे (त्यांच्या नियामक संस्थेकडे) नोंदणी असते, आणि प्रिस्क्राइब करायचा कायदेशीर रस्ताही त्यांना आहे. माझे बरेच सहकारी दोघांना एकाच मापाने मोजतात. ते चूक आहे.

कोल्हापूर_ते_डेव्हन (पॅरामेडिक)

फेन्सवाल्या डॉक्टरांच्या सहीच्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे, आणि त्यावर उपायही आहे.

'ॲम्ब्युलन्सवर हे लोक एवढी औषधं देतात, मग इथे का नाही?' असं डॉक्टर विचारतात. त्याचं उत्तर असं की तिथली औषधं दोन वाटांनी येतात. बेन्झिलपेनिसिलिन, फ्युरोसेमाइड, ऑन्डान्सेट्रॉन अशी काही इंजेक्शनं तातडीच्या गरजेला देण्याची सूट २०१२ च्या औषध नियमांत नोंदणीकृत पॅरामेडिकला व्यक्तिशः आहे. ती नोकरी बदलली तरी राहते. बाकीची बरीच औषधं मात्र ॲम्ब्युलन्स ट्रस्टच्या पीजीडीखाली (प्रिस्क्रिप्शनशिवाय ठरावीक औषध देण्याच्या लेखी आदेशाखाली) दिली जातात, आणि ट्रस्ट सोडला की ती पीजीडी लागू होत नाही. प्रॅक्टिस स्वतःची पीजीडी स्वतः मंजूर करू शकत नाही, ती इंटिग्रेटेड केअर बोर्डासारख्या अधिकृत संस्थेकडूनच यावी लागते. म्हणजे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांचं एक पाकीटही पॅरामेडिक आपल्या अधिकारात हातावर ठेवू शकत नाही.

खरा मार्ग स्वतंत्र प्रिस्क्राइबिंगचा. कायदा १ एप्रिल २०१८ पासून आहे. अभ्यासक्रम साधारण सहा महिन्यांचा, त्यात देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, आणि शेवटी एचसीपीसीच्या नोंदीत तसा शेरा. त्यासाठी तुमच्यापैकी एकाला पर्यवेक्षक व्हावं लागेल. हे मुलाखतीच्या वेळीच ठरवा, सहा महिन्यांनी सुरू होईल असं म्हणू नका. पर्यवेक्षक नाही म्हणून वर्ष वाया गेलेले पॅरामेडिक परत ॲम्ब्युलन्सवर जातात, आणि तुमची शिकवणी पुन्हा पहिल्यापासून.

आता आमच्या बाजूच्या उणिवा, कारण त्या माहीत असतील तर डिब्रीफ (डॉक्टरबरोबरची चर्चा) नेमका होतो.

न्यूज-२ स्कोअरवर (नाडी, ताप, रक्तदाब वगैरेंवरून काढलेल्या गांभीर्याच्या गुणांवर) आमचा फार भरवसा असतो. ५ म्हणजे तातडी, ७ म्हणजे आणीबाणी, हे अंगवळणी पडलेलं. पण बीटा-ब्लॉकरवरच्या ८४ वर्षांच्या आजींची नाडी सेप्सिसमध्येही ७८ राहू शकते, वयामुळे ताप चढत नाही, आणि स्कोअर येतो १. आजींचा नेहमीचा रक्तदाब १६० असेल तर आजचा ११५ हा स्कोअरमध्ये शून्य गुण आणतो, पण तो नॉर्मल नाही. नव्या पॅरामेडिकला प्रत्येक व्हिजिटच्या आधी मागचे तीन रक्तदाब बघायची सवय लावा. तसंच सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांच्यासाठी ऑक्सिजनची ८८ ते ९२ टक्क्यांची वेगळी मोजपट्टी वापरायची, आणि कुणाला ती लागू आहे ते रेकॉर्डवर आधीच ठळक लिहिलेलं हवं.

दुसरी खोड म्हणजे लघवीची डिपस्टिक (बुडवून रंग बघायची पट्टी). केअर होममधून फोन येतो, 'आज गोंधळल्यासारखे करतात, लघवीला वास येतोय.' पॅरामेडिक पट्टी बुडवतो, नायट्राइट (जंतूंची खूण) येतं, अँटिबायोटिकची मागणी तयार. ६५ वर्षांवरच्या माणसात डिपस्टिकवरून मूत्रसंसर्ग ठरवायचा नाही, असं इंग्लंडचं मार्गदर्शन स्पष्ट आहे. या वयात लक्षणांशिवायही लघवीत जंतू असतात आणि कॅथेटर असेल तर ते जवळजवळ नेहमीच सापडतात. पट्टीमुळे खरं कारण झाकलं जातं: बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, न्यूमोनिया, नवीन सुरू केलेली गोळी. व्हिजिटच्या बॅगेतून डिपस्टिकची बाटली काढून ती दवाखान्यात ठेवणं हा सोपा उपाय आहे.

पडलेल्या माणसाच्या व्हिजिटमध्ये आम्ही हाडं आणि डोकं नीट बघतो, पण तो पडला का, हे राहून जातं. पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब, मग उभं राहिल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर औषधांच्या यादीत कारण शोधायचं. हे टेम्प्लेटमध्येच घाला, म्हणजे राहणार नाही.

हिशेबवही_मॅनेजर

मी प्रॅक्टिस मॅनेजर आहे, डॉक्टर नाही. कागदाच्या बाजूचं सांगते.

योजनेतून पगार आणि त्यावरचा मालकाचा हिस्सा मिळतो, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. गाडी, मैलांचा भत्ता, बॅगेतलं सामान आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरचा वेळ त्यात नाही. खेड्यात हाच खर्च मोठा असतो. एका व्हिजिटला जाऊन-येऊन ४० मिनिटं गाडीत गेली, तर सकाळच्या सत्रात चारच्या वर व्हिजिट धरू नका. स्वतःची गाडी वापरणार असतील तर विमा कामाच्या वापरासाठीचा आहे ना, ते तपासा. फक्त घर ते ऑफिस प्रवासाचा विमा चालत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून सरकारी क्षतिपूर्ती योजना इंग्लंडमधल्या जनरल प्रॅक्टिसच्या एनएचएस कामातल्या निष्काळजीपणाच्या दाव्यांना लागू आहे, आणि त्यात पॅरामेडिकही आले. पण एचसीपीसीची चौकशी, नोकरीतला वाद किंवा खासगी काम त्यात येत नाही. त्यासाठी वेगळं सदस्यत्व हवं आणि त्याचे पैसे कोण भरणार ते करारात लिहा. वेल्समध्ये योजना वेगळी आहे आणि अतिरिक्त पदांची योजना तर फक्त इंग्लंडची, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे जसंच्या तसं उचलू नये.

आणखी दोन गोष्टी रिसेप्शनला पाठ हव्यात. फिट नोट (आजारपणामुळे काम जमणार नाही असं प्रमाणपत्र) पॅरामेडिक देऊ शकत नाही. जुलै २०२२ मध्ये नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना तो अधिकार मिळाला, पॅरामेडिकना नाही. 'सर्टिफिकेट हवंय' म्हणणारा रुग्ण त्यांच्याकडे लावलात की एक अपॉइंटमेंट फुकट आणि रुग्ण नाराज. आणि एक्स-रे मागवायचा असेल तर हॉस्पिटलच्या रेडिओलॉजी विभागाने त्यांना २०१७ च्या किरणोत्सर्ग नियमांखाली नावानिशी मान्यता दिलेली लागते. तो अर्ज रुजू होण्याआधी पाठवा, उत्तर यायला वेळ लागतो.

मोबाइलला रेंज नसलेले पट्टे नकाशावर खुणा करून ठेवा. निघण्याआधी त्या दिवसाच्या रुग्णांचे रेकॉर्ड लॅपटॉपवर ऑफलाइन उतरवायचे, आणि घरातल्या लँडलाइनवरून दवाखान्याला फोन करता येईल असा थेट नंबर द्यायचा, मुख्य रांगेतला नाही. एकट्याने जाणाऱ्याची परतीची वेळ रिसेप्शनकडे लिहिलेली हवी, आणि ती टळली तर कोणी फोन करायचा ते नावासकट.

डेल्सवाला_जीपी

खूप उपयोगी, मनापासून आभार. दोन शंका. आमच्याकडे घरीच शेवटचे दिवस काढणारे रुग्ण बरेच आहेत, तिथे पॅरामेडिकचा उपयोग कितपत? आणि गाडीतल्या बॅगेत नेमकं काय ठेवता?

कोल्हापूर_ते_डेव्हन (पॅरामेडिक)

आधी बॅग. बीपीचा पट्टा दोन मापांचा, ऑक्सिमीटर, कानातलं थर्मामीटर, ग्लुकोमीटर, ओटोस्कोप, १२ लीडचं ईसीजी यंत्र, रक्त घेण्याचं सामान. औषधांत ॲड्रेनलिन १:१०००, ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ, जीटीएन स्प्रे, सॅल्ब्युटामॉल आणि स्पेसर, ग्लुकागॉन, आणि मेनिन्जायटिसच्या संशयासाठी बेन्झिलपेनिसिलिन: १० वर्षांपासून पुढे १.२ ग्रॅम, १ ते ९ वर्षं ६०० मिग्रॅ, वर्षाखाली ३०० मिग्रॅ. हे आकडे डब्याच्या झाकणावर आतून चिकटवा. ग्लुकागॉन फ्रिजबाहेर २५ अंशांखाली १८ महिने चालतं, म्हणून बाहेर काढल्याची तारीख खोक्यावर लिहायची. छापलेली मुदत त्याआधी संपत असेल तर तीच धरायची. बॅग रात्री गाडीत ठेवायची नाही. उन्हाळ्यात बंद गाडी तापते आणि हिवाळ्यात ॲम्प्यूल गोठतात.

कंब्रिया_ट्रेनर

शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांबद्दल मी सांगतो, कारण इथे सीमा बारीक आहे.

प्रिस्क्राइबर पॅरामेडिकना ३१ डिसेंबर २०२३ पासून पाच नियंत्रित औषधं लिहिता येतात: मॉर्फीन (तोंडाने किंवा इंजेक्शन), डायझेपाम (तसंच), मिडाझोलाम (गालात सोडायचं किंवा इंजेक्शन), लोराझेपाम फक्त इंजेक्शन आणि कोडीनच्या गोळ्या. म्हणजे घरी आगाऊ ठेवायच्या औषधांतलं मॉर्फीन आणि मिडाझोलाम ते लिहू शकतात. हॅलोपेरिडॉल आणि ग्लायकोपायरोनियम नियंत्रित नाहीत, तेही चालतात. अडतं ते मूत्रपिंड बंद पडत आलेल्या रुग्णापाशी. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली गेलं की मॉर्फीनचे अवशेष साठून झटके आणि भ्रम येतात, म्हणून ऑक्सिकोडोन किंवा अल्फेंटानिल लागतं, आणि ती दोन्ही यादीत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ट्रामाडॉल, झोपिक्लोनही नाहीत. त्यामुळे शुक्रवारी दुपारी ही अडचण निघू नये, यासाठी अशा रुग्णांचं ताजं ईजीएफआर बघून इंजेक्शनं गुरुवारपर्यंत डॉक्टरने लिहून ठेवावीत. तुमची डिस्पेन्सरी असल्यामुळे मॉर्फीन सोमवारपर्यंत अडकण्याची भीती कमी, पण शनिवारी ती उघडी नसेल तर तीच गत.

मृत्यूची खात्री पॅरामेडिक करू शकतात, आणि गावाच्या टोकाच्या शेतघरात कुटुंबाला तासन् तास ताटकळत ठेवण्यापेक्षा ते फार बरं. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र मात्र हयातीत रुग्णाला पाहिलेल्या डॉक्टरनेच लिहायचं, आणि ९ सप्टेंबर २०२४ पासून कोरोनरकडे (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) न गेलेला प्रत्येक मृत्यू मेडिकल एक्झामिनरकडून (स्वतंत्र ज्येष्ठ डॉक्टरकडून) तपासला जातो. इथे तुमच्या पहिल्या तटाची योजना गोत्यात येते. सगळ्या व्हिजिट पॅरामेडिककडे दिल्या, तर शेवटच्या महिन्यांत त्या रुग्णाला एकाही डॉक्टरने पाहिलेलं नसेल. प्रमाणपत्र लिहिणाऱ्याला आजार फक्त कागदावरून कळलेला असतो, एक्झामिनर प्रश्न विचारतो, आणि अंत्यसंस्कार लांबतात. घरी असलेल्या प्रत्येक अशा रुग्णासाठी एक डॉक्टर नेमा, त्याने महिन्यातून एकदा तरी स्वतः जावं, आणि मधल्या व्हिजिट पॅरामेडिकने कराव्यात.

फेन्स_लिंकनशायर

वरच्या शेवटच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो: व्हिजिट सकाळी ११ च्या आत सुरू करा. जेवणानंतर निघालेला पॅरामेडिक साडेतीनला हॉस्पिटलची गरज ओळखतो, ॲम्ब्युलन्स सहाला येते, आणि म्हातारा माणूस रात्री नऊला ट्रॉलीवर पोहोचतो, जेव्हा घरी परत पाठवायची सोय करणारं कुणी उरलेलं नसतं. सकाळी दहाला तीच व्हिजिट झाली तर तपासण्या होऊन तो संध्याकाळी आपल्या पलंगावर असू शकतो. डॉक्टरला सकाळचा क्लिनिक सोडून दहाला निघता येत नाही, पॅरामेडिकला येतं. एवढ्या एका कारणासाठी मीही माझ्या पार्टनरांना 'हो' म्हणेन, स्लॉट १५ मिनिटांचे करणार असतील तर.